बिनवासाच्या पट्ट्या

९ जानेवारी

गुलाबाच्या वासाच्या पट्ट्या! जखमेवर लावायच्या!

औषधाच्या दुकानातला म्हणतो, "काकू, नवीन आल्यात. लावायची, दुसऱ्या दिवशी काढून फेकायची, आणि वर घमघमाट! बिनवासाच्या आता कोण घेतं?" मी घेते, म्हटलं. यांच्या पायाची जखम झाकायची आहे, तिला बघायला पाहुणे यायचे नाहीत. कपाटाच्या तळातून बिनवासाचं खोकं काढलं, धूळ झटकून दिलं.

घरी येऊन यांना सांगितलं. हे हसले. म्हणाले, "बरं केलंस. वास म्हणजे जखमेचं बोलणं. तिच्या तोंडात गुलाब कोंबलास तर ती बोलणार कशी?"

साबणाच्या कारखान्यात जन्मभर वासखातं सांभाळलेला माणूस. तो सुगंधाच्या विरुद्ध बोलतो तेव्हा ऐकावं.

११ जानेवारी

ठमीचा फोन. लेक आहे की मुकादम, कळत नाही. "आई, तुझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बाबांचं पोट आड येतं, त्यांना स्वतःचा तळवा दिसत नाही. मग जखम बघतं कोण?"

म्हटलं, बाबांचं नाक बघतं.

हसायला लागली. हसू दे. आमची पद्धत आहे आणि ती चालते. रोज सकाळी यांचा पाय मांडीवर घेते, जुनी पट्टी सोडवते आणि ती यांच्या नाकाखाली धरते. हे डोळे मिटतात. एकदा हुंगतात, थांबतात, पुन्हा हुंगतात. मग म्हणतात — "पास." कारखान्यात असंच होतं. यांनी "पास" म्हटल्याशिवाय साबणाची एक वडी दाराबाहेर जात नसे. "नापास" म्हटलं की अख्खा घाणा परत! मालकाचीही बोलायची टाप नव्हती.

पायाच्या डॉक्टरांनी बजावून ठेवलंय — जखम काळपट दिसली किंवा वास आला, की त्याच दिवशी या. दुसरा दिवस उजाडू देऊ नका. साखरेने यांचे तळवे बधिर झालेत. चपलेत खडा शिरला, त्याच्यावर दिवसभर चालले आणि पत्ता नाही! तेव्हाची ही अंगठ्याखालची जखम. दुखत नाही, म्हणूनच भीती.

रंगाचं म्हणावं तर मला सगळं जग चहात बुडवल्यासारखं दिसतं. आणि वास — कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तापातून उठले ती नाक गमावूनच. लग्न ठरताना यांना आधीच सांगितलं होतं — मला वास येत नाही, मागाहून तक्रार नको. हे म्हणाले, "माझ्याकडे दोघांना पुरेल एवढं नाक आहे."

आणि पुरलं. दूध लागलं, फळ सडलं, गॅस सुटला — सगळं यांनीच बाहेरच्या खोलीतून ओरडून सांगायचं.

१८ जानेवारी

पास. साखर मात्र वाढलेली. चोरून बिस्किटं खाल्ली. "मी? छे!" — आणि मिशीत चुरा!

मुलींच्या हॉस्टेलवर रेक्टर म्हणून इतकी वर्षं काढली. त्या पोरीसुद्धा यांच्यापेक्षा नीट खोटं बोलायच्या.

२७ जानेवारी

एकाच दिवसात दोन डॉक्टर. पायाचे डॉक्टर खूश. जखम आकसतेय. "घरी कोण बघतं?" त्यांनी विचारलं. हे म्हणाले, "आम्ही दोघं मिळून एक धड माणूस आहोत, डॉक्टर. नाक माझं, हात हिचे." डॉक्टर हसले. पुढची तारीख तीन आठवड्यांनी.

डोळ्यांचे डॉक्टर नाखूश. दोनदा तारीख घेतली, दोनदा मोडली. एकदा यांची साखर चढली म्हणून, एकदा ही जखम झाली म्हणून. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकून दगड झालाय म्हणे. "बाई, आता थांबलात तर डोळाच हातचा जाईल. मग ऑपरेशन करूनही उपयोग नाही." २१ फेब्रुवारी दिली.

घराच्या पायऱ्या चढताना हे म्हणाले, "या वेळी तारीख मोडायची नाही." मी म्हटलं, ते तुमच्या पायावर आहे. पायाचं जरा जरी बिघडलं तर डोळा गेला खड्ड्यात, आधी तुम्ही.

हे कठड्याला धरून थांबले. दम लागला असेल. मग म्हणाले, "पायाचं मी बघतो."

बघतो म्हणे! हुंगतो म्हणा.

३ फेब्रुवारी

पास. मागची ओळ आज वाचता येईना. शाई पुसट की डोळा? — डोळाच. जाड पेन आणलं.

१३ फेब्रुवारी

आज पट्टी नाकाशी धरली तर हे फार वेळ हुंगत राहिले. माझा हात अवघडला. म्हटलं, झोप लागली का? डोळे उघडले.

"डोळ्याची तारीख पक्की ना?"

पक्की. पट्टीचं काय?

"पास."

मग एवढा वेळ?

"सर्दी आहे थोडी."

वाफ घ्या म्हटलं. घेतली नाही.

१४ फेब्रुवारी

भांडण! माझ्या ऑपरेशनला ठमी राहायला येणार, तर यांनी तिला फोन करून सांगितलं — येताना सुगंधी पट्ट्या घेऊन ये, गुलाबाच्या, दोन-तीन खोकी! मी दारात उभी राहून ऐकलं. म्हटलं, हे काय नवीन? जखमेच्या तोंडात गुलाब कोंबू नये असं कोण म्हणालं होतं?

"लेक घरात राहणार आता. म्हाताऱ्याच्या पायाचा वास तिला कशाला?"

वास कसला? रोज पास म्हणता ना?

"पास म्हणजे वास नाही असं नव्हे. पास म्हणजे चालण्याजोगा."

शब्दांत कोण धरणार या साहेबांना! म्हटलं, वासात वास मिसळला तर तुम्हाला कळणार कसं?

"गुलाबाखालचं मला कळतं. तेवढं नाक आहे अजून." आणि वर मलाच — "तुला कशाला उठाठेव? तुला गुलाब काय नि गटार काय!"

लागलं. खरं आहे, तरी लागलं. इतक्या वर्षांत यांनी हे कधी तोंडातून काढलं नव्हतं.

संध्याकाळी माझा चष्मा पुसून टेबलावर ठेवलेला दिसला. माफी मागायची यांची ही रीत. चष्मा पुसल्याने आता काही दिसत नाही, हे यांना माहीत आहे. तरी पुसतात.

१७ फेब्रुवारी

पायाच्या डॉक्टरांकडे जायचा दिवस. यांनी परस्पर फोन करून तारीख पुढे ढकलली! — "बायकोच्या डोळ्याची गडबड आहे, ती उरकली की येतो." मी चिडले. म्हणाले, "रोज पास होतोय ना? मग परीक्षकाला कशाला त्रास?"

पाय हाताला गरम लागला. उन्हात बसले होते म्हणे.

२० फेब्रुवारी

ठमी आली. गुलाबाची खोकी, माझ्यासाठी काळा चष्मा, आणि सूचना. सूचना सगळ्यात जास्त. "बाबा, उद्यापासून पट्टी मी बदलणार." हे ऐकेनात. न्हाणीघराचं दार लावून, जमिनीवर आरसा ठेवून स्वतःच बदलली. म्हटलं, कधीपासून लाज वाटायला लागली? "लेकीच्या मांडीवर पाय देऊ? तुझ्या देतो तेवढं पुरे."

नंतर ठमी त्यांच्या खोलीतून नाक मुरडत आली. "बाबा, हा कसला गुलाब? गोडसर, उतरल्यासारखा येतोय."

"स्वस्तातला आहे. अर्कात काटकसर केलीय. माझ्या खात्यात आला असता तर घाणा नापास केला असता."

तिघंही हसलो.

उद्या डोळा. भीती नाही. मी घाबरणाऱ्यांतली नाही. तरी रुमाल दोन घेतले.

२५ फेब्रुवारी

ठमी लिहू देत नाही. ती आंघोळीला गेलीय तेवढ्यात.

पांढरं! पांढरं दिसलं! भिंत पांढरी आहे, चादर पांढरी आहे. हे पानसुद्धा. आणि यांचे केस — मी समजत होते अजून करडे आहेत. शुभ्र झालेत की! कधी झाले? मी कुठे होते?

वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. हुकूम देण्यात जन्म गेला, आता पाळतेय.

हे पायावर पांघरूण घेऊन बसून असतात. गाल लाल दिसले. ताप आहे का विचारलं. "तुला रंग दिसायला लागलेत, म्हणून. मी असाच होतो." जेवण अर्धं ठेवलं. माझ्याकडे मात्र टक लावून बघत होते. विचारत होते — ते काय दिसतं? खिडकीबाहेरची पाटी वाचता येते? कोपऱ्यातलं बारीक अक्षर? वाचून दाखवलं. लहान मुलासारखे खूश.

खोलीत सगळा गुलाबच गुलाब आहे, ठमी म्हणते. मला काय.

१ मार्च

ठमी बाहेर गेली होती. यांना डुलकी लागलेली. पांघरूण सरकलं होतं आणि पट्टी सुटून लोंबत होती. वाकायचं नाही, म्हणून गुडघे टेकून बसले. लावून द्यावी म्हटलं.

अंगठा काळा. काळपट नव्हे — काळा. शेजारचं बोट निळं. कडेने ओलं, हिरवट. घोट्याच्या वरपर्यंत लाल पट्टा चढलेला.

मी ओरडले असणार. हे जागे झाले. पायाकडे बघितलं नाही. आधी माझ्या उजव्या डोळ्याकडे बघितलं. म्हणाले —

"नीट दिसतंय ना?"

२ मार्च

हॉस्पिटल. डॉक्टरांनी पट्टी काढली आणि परिचारिकेने खिडकी उघडली. त्यावरूनच मला कळलं. डॉक्टर म्हणाले, "हे एका दिवसाचं नाही. दारातूनच वास येतोय. घरात कुणालाच कळलं नाही?"

मी यांच्याकडे पाहिलं. हे छताकडे पाहत होते.

"माझं नाक गेलं, डॉक्टर. बरेच दिवस झाले. हिला सांगितलं नाही."



मी बोलले. सगळ्यांच्या देखत बोलले. नाक गेलं होतं तर रोज पास कशाला म्हणत होता? म्हणाले, "सवय." सवय! लोकांचे पाय साखरेने जातात, तुमचा ताठ्याने जाणार! मी आंधळी तुमच्या भरवशावर बसले आणि तुम्ही हवा हुंगून पास-पास करत होता! परिचारिका म्हणाली, "बाई, हळू. तुमच्याच डोळ्याला त्रास होईल."



४ मार्च

कापला. गुडघ्याखाली.

९ मार्च

ठमीचं रडं थांबत नाही. "पट्ट्या मी आणल्या. तो स्वस्तातला गुलाब नव्हता आई, तो बाबांचा पाय होता! आणि मी हसले." काय सांगणार? पाठीवर हात ठेवला. मला ते जमत नाही, पण ठेवला. हॉस्टेलच्या मुली रडायच्या तेव्हा मी त्यांना तोंड धुऊन ये म्हणायची.

यांनीच समजावलं तिला, पडल्या पडल्या. "ठमे, मागवल्या मी. बाप गुलाब म्हणाला, तर लेक गुलाबच म्हणणार. त्यात तुझं काय चुकलं?" आवाज एवढासा. तिचं बोट धरून ठेवलं होतं.

मी विचार करत बसते. वासखात्याचे साहेब. नाक गेलं हे कबूल करणं यांना नाक कापून देण्यासारखं वाटलं असणार. समजतं मला. पण नाक राखायला पाय द्यायचा? मला सांगायचं होतं. मी कुणाला सांगणार होते?

२१ मार्च

घरी आणलं. दाराशी यांच्या चपलांचा जोड तसाच होता. उजवी उचलून माळ्यावर टाकायला निघाले तर म्हणाले, "राहू दे. जोडीची सवय आहे तिला."

दुपारी दूध लागलं. भांडं काळं झालेलं पाहिलं तेव्हा कळलं. एरवी बाहेरून केवढी आरोळी आली असती! — अगं, दूध! या बाईच्या हातून एक दिवस घर जळणार! आज काही नाही. तसंच करपलेलं दूध समोर ठेवलं, मुद्दामच. मुकाट प्याले. तोंडसुद्धा वाकडं केलं नाही.

खरंच गेलं यांचं नाक. भांडं घासत बसले, नंतर निघालं तरी घासत बसले.

२ एप्रिल

कपाटात यांनी जपून ठेवलेल्या साबणाच्या जुन्या वड्या आहेत, प्रत्येक घाण्यातली एकेक. काढल्या. कोण जाणे, एखादा तरी वास येईल. एकेक नाकाशी धरली, पट्टी धरायची तशी. डोळे मिटले. नाकपुड्या हलल्या — जुनी सवय, दुसरं काय.

चंदन. "काही नाही गं."

लिंबू. "काही नाही."

जाईच्या वडीपाशी जास्त वेळ थांबले. तो वास यांनी आमच्या लग्नाच्या वर्षी स्वतः जुळवला होता. पहिली वडी मला आणून दिली आणि मग स्वतःच्याच कपाळावर हात मारला — अरे, हिला कुठे येतो वास! मी तरी वर्षभर तोच साबण वापरला. बुळबुळीत होता, एवढंच मला कळलं.

"काही नाही," म्हणाले, आणि वडी माझ्या हातात परत दिली. डोळे पुसले. म्हटलं, असू दे. आता दोघंही सारखे.

"हो. जोडी जमली."

राग होता तो आज उरला नाही.

१० एप्रिल

औषधाच्या दुकानात गेले. नवी जखम, नव्या पट्ट्या. त्याने सवयीने गुलाबाच्या खोक्याला हात घातला, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. बिनवासाच्या दिल्या.

आता परीक्षक मी. सकाळच्या उजेडात खिडकीशी पाय घेते, नव्या डोळ्याने बघते. टाक्यांचे वण गुलाबी, कोरडे. म्हटलं, पास. हे हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

१६ एप्रिल

यांचा हट्ट — डावा डोळा करून घे. नाही, म्हटलं. तुम्हाला असं टाकून मी पुन्हा हॉस्पिटलात जाऊन पडणार नाही. एक डोळा पुरे आहे मला.

"ठमी येईल."

ठमीला तिचा संसार आहे.

"अगं, मग उजव्याचा तरी काय उपयोग झाला?" — एकदम चढ्या आवाजात. आणि तितकेच एकदम गप्प.

उपयोग झाला नाही कसा? तुमचा पाय मलाच दिसला ना, म्हटलं. उशी नीट करून मागितली.

२४ एप्रिल

यांची पट्टी बदलून चहा ठेवायला गेले. काडी ओढणार, तेवढ्यात आतून ओरडले — "अगं, गॅस! काडी टाक! टाक आधी!"

टाकली. शेगडीची नळी सुटली होती. बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. मग तिथेच उभी राहिले.

आत गेले तेव्हा हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी पलंगाच्या कडेला बसले. मी विचारलं नाही. यांनी सांगितलं नाही.

नाक आहे. होतंच. १३ फेब्रुवारीला पट्टी नाकाशी धरून यांनी माझ्या डोळ्याची तारीख विचारली होती.

त्यानंतरही रोज माझ्या मांडीवर पाय ठेवून "पास" म्हणत होते. आणि मिशीत चुरासुद्धा नव्हता.